भुतं फिकट असतात, मग ही का नव्हती?

अकरावी-बारावीच्या मुलींचा वाचनगट चालवणाऱ्या एका शिक्षिकेने हा प्रश्न पाठवला आहे. गटाने शार्लट ब्राँटेची ‘जेन एअर’ वाचायला घेतली: घरी राहून शिकवणारी अनाथ गव्हर्नेस जेन आणि तिचा मालक रॉचेस्टर यांची प्रेमकथा. अर्ध्याच्या पुढे गेल्यावर तिसऱ्या मजल्यावर कोंडून ठेवलेल्या बर्था मेसनचं वर्णन आलं आणि दोघी-तिघींनी पुस्तक मिटलं. ‘बाई, हे तर उघड उघड वंशद्वेषी आहे. मग क्लासिक कसलं?’ बाईंना स्वतःला विशीत ही कादंबरी जीव की प्राण होती. त्या विचारतात: जुन्या गॉथिक, म्हणजे काळोखे वाडे आणि भुताखेतांची भीती असलेल्या, प्रेमकथांमध्ये हा पूर्वग्रह इतका का भरलेला असतो? ‘त्या काळी सगळेच तसे होते’ एवढं सांगितलं तर चालेल का? आणि मुलींना मराठी संक्षिप्त रूप द्यायचं झालं तर असे भाग गाळावेत का?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण ती चूक मी स्वतः केलेली आहे.

बावीसेक वर्षांपूर्वी एका प्रकाशकासाठी मी याच कादंबरीचा दीडशे पानी संक्षेप केला. संपादकांची सूचना सरळ होती: शाळकरी मुलं वाचणार आहेत, बर्थाचं प्रकरण आटोपतं घ्या, जमैका-बिमैकाचा तपशील नको. मलाही ते पटलं. ‘रॉचेस्टरची पहिली बायको वेडी होती, म्हणून तिला वर ठेवलं होतं’ असं एका वाक्यात उरकून मी पुढे गेलो. पुस्तक निघालं, बऱ्यापैकी खपलं. मग एका शाळेत बोलायला गेलो असताना सातवी-आठवीतली एक मुलगी उठली आणि म्हणाली, ‘सर, ती वेडी का झाली? आणि तिचे आईवडील तिला न्यायला का नाही आले?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. उत्तर मूळ पुस्तकात होतं, आणि ते मीच कापलं होतं.

तर पहिली गोष्ट ही. या कादंबऱ्यांमधला पूर्वग्रह म्हणजे कपड्यावर पडलेला डाग नव्हे, की घासला आणि गेला. तो विणीतला धागा आहे. तो ओढून काढलात तर कापड उसवतं. भीती कुठून येते, पैसा कुठून येतो, नायिका ‘आपली’ का वाटते, हे सगळं त्या धाग्यावर तोललेलं असतं. म्हणून गाळू नका.

आता प्रत्यक्ष पानांकडे वळू.

पंचविसाव्या प्रकरणात लग्नाच्या दोन रात्री आधी जेनला जाग येते. खोलीत कुणीतरी उंच, दांडगी बाई शिरलेली आहे. ती जेनचं लग्नातलं अवगुंठन स्वतःच्या डोक्यावर घेते, आरशात बघते आणि मग फाडून पायाखाली तुडवते. दुसऱ्या दिवशी जेन रॉचेस्टरला हे सांगते. चेहरा रंग बिघडलेला होता, रानटी होता, असं म्हणते. त्यावर रॉचेस्टर म्हणतो, ‘भुतं सहसा फिकट असतात, जेन.’ जेन म्हणते, हे तसं नव्हतं. हा चेहरा जांभळा होता, ओठ सुजलेले आणि काळे होते.

इथे मुलींना थांबवा. हे एक वाक्य पुरे आहे. इंग्रजी भुताचा ठरलेला रंग पांढरा. तो रंग सोडून लेखिकेने मुद्दाम दुसरा घेतला. ही बाई जिवंत आहे हे सुचवायचं तर त्याला दहा वाटा होत्या. तिने चेहऱ्याचा रंग आणि ओठांची जाडी निवडली. त्या काळातल्या इंग्रज वाचकाला हे शब्द कुणाबद्दल वापरतात हे वेगळं सांगावं लागत नव्हतं.

गंमत अशी की बर्था काळी आहे असं कादंबरी कुठेच म्हणत नाही. ती जमैकातल्या स्पॅनिश टाउनची. तिची आई ‘क्रिओल’ होती असं रॉचेस्टर ओरडून सांगतो, आणि त्याच दमात ती वेडी होती, दारुडी होती हेही. क्रिओल हा शब्द तेव्हा वेस्ट इंडीजमध्ये जन्मलेल्या कुणालाही लावत. गोऱ्याला, काळ्याला, मिश्र रक्ताच्यालाही. म्हणजे शब्द धूसर आहे आणि लेखिका तो धूसरच ठेवते. बर्था गोरी असेलही. पण तिचं वर्णन करताना हाताशी असलेला सगळा साठा काळ्या माणसांबद्दलच्या तिरस्कारातून उचललेला आहे. बर्थाचा वंश नक्की कोणता, यावर अभ्यासकांनी पुष्कळ पानं लिहिली. मला त्यापेक्षा वर्णनाची ही उचल महत्त्वाची वाटते.

अनुवादकाच्या टेबलावर हे जास्त स्पष्ट दिसतं. सव्विसाव्या प्रकरणात लग्न मोडतं आणि रॉचेस्टर सगळ्यांना वर घेऊन जातो. खोलीच्या टोकाला अंधारात एक आकृती इकडून तिकडे धावते आहे. ते जनावर आहे की माणूस, पहिल्या नजरेत कळत नाही. ते हातापायांवर रांगतं, गुरगुरतं. पण त्याच्या अंगावर कपडे आहेत आणि आयाळीसारखे केस आहेत. इंग्रजीत इथे सर्वनाम नपुंसकलिंगी आहे. मी पहिल्या खर्ड्यात सहज लिहून गेलो: ‘एक आकृती धावत होती. ती गुरगुरत होती.’ मराठीत आकृती स्त्रीलिंगी, त्यामुळे ‘ती’ आपोआप आली आणि वाक्य छान वाहिलं. पण लेखिकेने त्या क्षणी बर्थाचं बाईपण काढून घेतलं होतं, आणि माझ्या व्याकरणाने ते गुपचूप परत दिलं. नंतर पूर्ण अनुवादाला बसलो तेव्हा ‘आकृती’ टाकून ‘काहीतरी’ घेतलं: ‘अंधारात काहीतरी धावत होतं. ते जनावर होतं की माणूस, कळेना.’ मग ‘ते’ ठेवता आलं. वाचताना अंगावर येतं, आणि यायलाच हवं.

‘डार्क’ या शब्दानेही असंच पकडलं. जेनची प्रतिस्पर्धी, श्रीमंत घरातली ब्लांश इंग्रॅम, स्पॅनिश बाईसारखी ‘डार्क’ आहे. मी लिहिलं ‘सावळी’. पुढे सत्ताविसाव्या प्रकरणात रॉचेस्टर सांगतो की तरुणपणी बर्था देखणी होती, ब्लांश इंग्रॅमच्या धर्तीची: उंच, ‘डार्क’, भारदस्त. तिथे मी लिहिलं ‘काळसर’. दोन ठिकाणी दोन शब्द आले आणि लेखिकेने जुळवलेला धागा तुटला. तिला म्हणायचं होतं की नायकाला भुरळ घालणाऱ्या दोन्ही चुकीच्या बायका एकाच रंगाच्या, एकाच बांध्याच्या आहेत, आणि खरी बायको लहानखुरी, फिकी, इंग्लिश आहे. शिवाय ‘सावळी’ म्हटलं की मराठी कानाला विठोबा आठवतो. त्या शब्दात माया आहे. इंग्रजी ‘डार्क’मध्ये इथे माया नाही, संशय आहे. ‘काळी’ म्हटलं तर आपल्याकडचा वेगळाच डंख लागतो, तो लग्नाच्या जाहिरातीतला. शेवटी दोन्हीकडे ‘काळसर’ ठेवलं. पूर्ण समाधान आजही नाही.

मुलींच्या मनात बसलेली गोष्ट म्हणजे वर्णन. पण माझ्या मते त्याहून धारदार भाग पैशाचा आहे, आणि तो शिकवताना बहुतेक वेळा सुटतो.

जेनला रॉचेस्टरच्या थॉर्नफील्ड वाड्यावर गव्हर्नेस म्हणून वर्षाला ३० पौंड मिळतात. आधीच्या शाळेत १५ मिळायचे, म्हणजे दुप्पट झाले. आणि बर्थाचा हुंडा किती? ३०,००० पौंड. जेनने हजार वर्षं नोकरी केली असती तर तेवढे झाले असते. हा आकडा फळ्यावर लिहा. रॉचेस्टरच्या बापाला सगळी इस्टेट थोरल्याकडेच ठेवायची होती आणि धाकट्यालाही भिकेला लावायचं नव्हतं. म्हणून त्याने जुन्या ओळखीतल्या मेसनची पोर बघितली. मेसन कोण? वेस्ट इंडीजमधला मळेवाला आणि व्यापारी. जमैकात मळा म्हणजे ऊस, आणि ऊस म्हणजे आफ्रिकेतून धरून आणलेली माणसं. मेसन कुटुंबाला काय हवं होतं तेही रॉचेस्टर बोलून जातो: मी चांगल्या ‘रेस’चा होतो म्हणून त्यांना मी हवा होतो. इथे त्या शब्दाचा अर्थ कूळ, खानदान असाही होतो. मी ‘चांगल्या बीजाचा’ असं केलं. त्यात दोन्ही येतं.

म्हणजे व्यवहार झाला: इकडून कूळ, तिकडून साखरेचा पैसा. पैसा राहिला, बायको कोंडली.

बरं, जेन तरी यातून सुटते का? तिला पुढे काकाकडून २०,००० पौंड मिळतात आणि ती तीन भावंडांबरोबर प्रत्येकी ५,००० असे वाटून घेते. वाचताना डोळे भरून येतात. हा काका मदेइरा बेटावरचा दारूचा व्यापारी, आणि मेसनच्या पेढीचा तिथल्या फुंशाल बंदरातला आडत्या. म्हणून तर जेनच्या लग्नाची बातमी बर्थाच्या भावापर्यंत, धाकट्या मेसनपर्यंत, पोचते आणि लग्न मोडतं. जेनचं स्वातंत्र्य आणि बर्थाची कैद एकाच व्यापारी वाटेवरून आलेली आहे. ब्राँटेने हे जाणून केलं की कथानकाच्या सोयीसाठी, ते सांगता येत नाही. पण पानावर ते आहे.

हा पैशाचा वास एका पुस्तकापुरता नाही. ‘वाथेक’ ही गॉथिक कादंबरी लिहिणारा विल्यम बेकफर्ड जमैकातल्या उसाच्या मळ्यांवर गबर झालेल्या घराण्यातला. त्या पैशातून त्याने फाँटहिलला गॉथिक धाटणीचा प्रचंड वाडा उठवला. ‘द मंक’ (१७९६) लिहिणाऱ्या मॅथ्यू लुईसला बापाकडून जमैकातले मळे आणि तिथले गुलाम वारशात मिळाले. तो दोनदा तिकडे गेला आणि १८१८ मध्ये परतीच्या वाटेवर पीतज्वराने जहाजावरच मेला. काळोखे वाडे, तळघरं, साखळदंड, चाबूक यांची कल्पना करणाऱ्यांपैकी काहींच्या घरखर्चात खरे साखळदंड आणि खरे चाबूक होते. पण त्यांच्या कादंबऱ्यांत ते इटलीत, स्पेनमध्ये किंवा पूर्वेकडच्या एखाद्या खलिफाच्या राजवाड्यात दिसतात. स्वतःच्या मळ्यावर कधीच नाहीत.

ब्रिटिश संसदेने १८३३ मध्ये गुलामगिरी संपवण्याचा कायदा केला तेव्हा २ कोटी पौंड भरपाई दिली. ती मालकांना दिली. गुलामांना छदाम नाही. ‘जेन एअर’ ऑक्टोबर १८४७ ची. म्हणजे तिच्या पहिल्या वाचकांपैकी अनेकांच्या आठवणीत हा वाद ताजा होता. तरीही पुस्तकात एकही गुलाम माणूस नाही. शब्द मात्र जागोजागी आहे. लहानगी जेन मामेभावाला गुलामांचा मुकादम म्हणते, स्वतःला बंडखोर गुलाम म्हणवते. मोठेपणी रॉचेस्टर म्हणतो, रखेल ठेवणं म्हणजे गुलाम विकत घेण्याच्या खालोखाल वाईट, कारण दोघीही स्थितीने नेहमीच आणि स्वभावाने बऱ्याचदा हीन असतात. ज्याच्या तिजोरीत जमैकाचा पैसा आहे तो हे बोलतो! गोऱ्या मुलीचं दुःख सांगायला गुलामगिरीचा शब्द उसना घेतला, आणि ज्यांचं ते दुःख होतं ती माणसं चित्राबाहेर ठेवली. मुलींना विचारा, हा शब्द जेनला शोभतो का? माझ्या वर्गात यावर दोन तट पडले होते आणि तास संपला तरी मिटले नाहीत.

आता तुमच्या मुलींना कदाचित अजून लक्षात न आलेली गोष्ट. हे पुस्तक आपल्याबद्दलही बोलतं.

सातव्या प्रकरणात ढोंगी पाद्री ब्रॉकलहर्स्ट भर शाळेत जेनला स्टुलावर उभी करतो आणि सांगतो की ख्रिस्ती देशात जन्मलेली ही पोर, ब्रह्माची प्रार्थना करणाऱ्या आणि जगन्नाथापुढे गुडघे टेकणाऱ्या कितीतरी काफर पोरांपेक्षा वाईट आहे, खोटारडी आहे. इंग्रजीत ‘जगरनॉट’ हा शब्द तोवर माणसं चिरडत जाणाऱ्या राक्षसी रथाचा झाला होता. मराठीत तो जगन्नाथ म्हणून घरी येतो आणि वाक्य एकदम विचित्र होतं: पुरीच्या देवळात हात जोडणारं पोर सगळ्यात वाईट, आणि जेन त्याच्याही खाली. ब्रॉकलहर्स्ट दुष्ट आहे, त्यामुळे हे वाक्य लेखिकेचं नाही असं म्हणता येईल. पण तिला त्याचं जेनवरचं कुभांड खोडायचं आहे. जगन्नाथापुढच्या पोरांबद्दल तो जे गृहीत धरतो ते खोडायची गरज तिला वाटत नाही.

चोविसाव्या प्रकरणातलं तर जेनचं स्वतःचं बोलणं आहे. रॉचेस्टर एकत्र मरण्याचं गाणं गातो. ती म्हणते, माझी वेळ येईल तेव्हा मी मरेन, सती जाऊन घाईने नाही. इंग्रजीत ‘सटी’ म्हणजे प्रथा; मराठीत सती म्हणजे बाई, आणि पुढे तिची शिळा, तिची पूजा. एका शब्दाचं हे वजन अनुवादात सांभाळता सांभाळता नाकी नऊ येतात. त्याच प्रकरणात तुर्की जनानखान्याचा विनोदही आहे, आणि त्या बायकांना मुक्तीचा उपदेश करायला मी मिशनरी होऊन जाईन असं जेन हसत म्हणते.

पुढे तिचा पाद्री आतेभाऊ सेंट जॉन रिव्हर्स तिला खरोखरच हिंदुस्थानात न्यायला निघतो. जर्मन सोडून हिंदुस्तानी शीक म्हणतो, ती शिकतेही. इकडच्या शाळा चालवायला आणि इकडच्या बायकांत काम करायला त्याला ती हवी असते. ती लग्नाला नकार देते, पण त्या कामाबद्दल तिला शंका नाही. कादंबरीचा शेवट सगळ्यांना ‘वाचकहो, मी त्याच्याशी लग्न केलं’ हा आठवतो. तो शेवट नाहीच. शेवटचे परिच्छेद हिंदुस्थानात मरणाच्या वाटेवर असलेल्या सेंट जॉनबद्दल आहेत. धर्म आणि जातीच्या पूर्वग्रहांची झाडी तो राक्षसासारखा तोडत चालला आहे, असं जेन कौतुकाने लिहिते.

जातीचे पूर्वग्रह खरे होतेच. त्याबद्दल तक्रार कुणी करावी? पण ते तोडायला इंग्लंडहूनच कुणीतरी यायला हवं, ही जी खात्री आहे तिच्याकडे बघा. ही कादंबरी निघाली त्यानंतर काही महिन्यांनी, १८४८ मध्ये, सावित्रीबाई आणि जोतीराव फुले यांनी पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली. सरळ दोन रंग करू नका, कारण मिशनचा वाटाही खरा आहे: सिंथिया फरार नावाची अविवाहित अमेरिकन बाई १८२७ मध्ये मुंबईला आली होती, पुढे अहमदनगरला तिने मुलींच्या शाळा चालवल्या, आणि तिचं काम बघून जोतीराव प्रभावित झाले होते. म्हणजे जेनने नाकारलेलं आयुष्य कुणीतरी नगरला प्रत्यक्ष जगत होतं. ब्राँटेच्या पानावर मात्र इकडची माणसं फक्त झाडी आहेत, तोडायची किंवा साफ करायची.

तर ‘काळच तसा होता’ हे उत्तर. मी ते वर्गात वापरत नाही. ते खोटं आहे असं नाही, आळशी आहे. काळ एका सुरात कधीच बोलत नाही. गुलामगिरीविरुद्ध सह्यांचे अर्ज संसदेत येत होते तोही तोच काळ. आणि जोतीरावांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ छापलं ते अमेरिकेतल्या लोकांना अर्पण करून, निग्रोंना दास्यातून सोडवण्यासाठी त्यांनी जी झीज सोसली तिच्या गौरवाखातर. पुण्यात बसलेल्या माणसाला अटलांटिकपलीकडच्या गुलामाचं आणि इथल्या शूद्रातिशूद्राचं नातं दिसत होतं. मग ‘कुणालाच कळत नव्हतं’ असं कसं म्हणायचं?

खुद्द ब्राँटेलाही थोडं खटकलं होतं. कादंबरी येऊन तीन महिने होत नाहीत तोच, जानेवारी १८४८ मध्ये तिने प्रकाशकाकडच्या डब्ल्यू. एस. विल्यम्सना एक पत्र लिहिलं. त्यात ती कबूल करते की अशी दैना पाहून खरं तर खोल करुणाच वाटायला हवी; आपण ती पुरेशी रंगवली नाही, भीतीला फार वरचढ होऊ दिलं ही आपली चूक. हे पत्र मुलींना जरूर सांगा. मात्र एक बघा, तिला पश्चात्ताप आहे तो वेडाच्या चित्रणाबद्दल. जमैकाबद्दल ती अवाक्षर काढत नाही.

‘जेन एअर’च्याच वर्षी, १८४७ मध्ये, त्याच घरातून धाकट्या बहिणीने, एमिलीने, हेच सामान घेऊन वेगळंच काही केलं. ‘वदरिंग हाइट्स’मधला हीथक्लिफ लिव्हरपूलच्या रस्त्यावर सापडतो. ज्या काळात ती गोष्ट घडते तेव्हा लिव्हरपूल म्हणजे इंग्लंडमधलं गुलामांच्या व्यापाराचं मोठं बंदर. घरी आणणारा म्हणतो, हे देवाचं देणं समजा, जरी सैतानाकडून आल्यासारखं काळं असलं तरी. शेजारी त्याला बघून म्हणतात, हा छोटा लस्कर असेल, किंवा कुणी अमेरिकन वा स्पॅनिश टाकून दिलेला. लस्कर म्हणजे आपल्याकडचे खलाशी. शब्द आपल्याच ‘लष्कर’चा सोयरा. कंपनीच्या जहाजांवर बंगालचे, गुजरातचे, कोकणचे लोक भरती होत आणि कित्येक इंग्लंडच्या बंदरात अडकून पडत. तेव्हा कोकणातल्या एखाद्या पोरीने ‘हीथक्लिफ आपल्याकडचा असेल का?’ असं विचारलं तर हसू नका. कादंबरीत ती शक्यता नावानिशी आहे.

गोऱ्यापान एडगरकडे बघून हीथक्लिफ म्हणतो, माझे केस पिंगट आणि कातडी गोरी असती तर! दाई नेली समजूत घालते: मन चांगलं असेल तर पक्का काळा असतास तरी चेहरा देखणा झाला असता. समजूत म्हणून काढलेल्या वाक्यात केवढी मोठी शिवी आहे बघा. पण पुढे ती म्हणते, कुणी सांगावं, तुझा बाप चीनचा बादशहा असेल आणि आई हिंदुस्थानची राणी, आणि दोघांच्या एका आठवड्याच्या उत्पन्नात ही दोन्ही घरं विकत घेता येतील. पुढे हीथक्लिफ खरंच दोन्ही घरं गिळतो. फरक हा की त्याला बोलायला मिळतं. प्रेम करायला, सूड घ्यायला, चुकायला मिळतं. शिव्या देणारी माणसं लहान दिसतात आणि तो मोठा होत जातो. म्हणून पूर्वग्रहाचे शब्द किती आहेत हे मोजून पुस्तकाचा निवाडा होत नाही. मोजायला गेलात तर एमिलीकडे कदाचित जास्तच भरतील. सिनेमावाल्यांनी मात्र हीथक्लिफला वर्षानुवर्षं गोराच ठेवला. १९३९ मध्ये लॉरेन्स ऑलिव्हिए. कृष्णवर्णी नट मोठ्या पडद्यावर दिसायला २०११ उजाडलं. आपल्या दिलीपकुमारने ‘संगदिल’मध्ये रॉचेस्टर केला आणि ‘दिल दिया दर्द लिया’मध्ये हीथक्लिफ. एवढ्या दोन टोकांच्या भूमिका एकाच माणसाच्या वाट्याला!

बाकीची पुस्तकं भराभर सांगतो, कारण गटाला पुढे काय द्यावं हेही तुम्हाला ठरवायचं असेल.

शार्लट डेकरची ‘झोफ्लोया’ (१८०६) मिळाली तर बघा. गोरी नायिका एका मूर, म्हणजे उत्तर आफ्रिकेकडच्या मुस्लिम, नोकराकडे ओढली जाते, तो तिला दिवसेंदिवस देखणा वाटू लागतो, आणि शेवटी तो साक्षात सैतान निघतो. वाचकाला आधी मोहात पाडायचं आणि मग मोहाची शिक्षा द्यायची, दोन्ही कामं त्या एका काळ्या माणसाकडून करून घेतली आहेत. ल फॅन्यूच्या ‘कार्मिला’मध्ये (१८७२) तर एकच क्षण आहे. उलटलेल्या बग्गीच्या खिडकीतून रंगीत फेटा बांधलेली एक काळी बाई डोळे वटारून, दात खाऊन हसताना दिसते. बस्स. ती कोण, कुठली, पुढे तिचं काय झालं, काही नाही. लेखकाला दोन ओळींची भीती हवी होती, तेवढ्यापुरती तिला बसवली आणि विसरला. मला हा क्षण बर्थाच्या अख्ख्या प्रकरणाइतकाच बोलका वाटतो. उलट विल्की कॉलिन्सचा ‘द मूनस्टोन’ (१८६८) शिकवायला उत्तम. हिरा श्रीरंगपट्टणच्या लुटीत, १७९९ मध्ये, एका इंग्रज अधिकाऱ्याने खून करून पळवलेला आहे. तीन ब्राह्मण त्याच्या मागावर इंग्लंडपर्यंत येतात, आधी संशय त्यांच्यावरच जातो, आणि हिरा शेवटी काठियावाडात आपल्या देवाकडे परत जातो. गूढ पौर्वात्य माणसांचा साचा तिथेही आहेच, पण चोर कोण हे लेखक विसरत नाही.

आणि मग अर्थातच जीन रीस. डॉमिनिका बेटावर १८९० मध्ये जन्मलेल्या या बाईने बर्थाची गोष्ट बर्थाच्या बाजूने लिहिली, ‘वाइड सार्गासो सी’, १९६६. तिथे तिचं नाव आंत्वानेत आहे. ‘बर्था’ हे नाव नवऱ्याने लादलेलं. १८३४ नंतरच्या जमैकात गोऱ्यांना नको आणि काळ्यांनाही नको अशी अडकलेली ती मुलगी वेडी कशी ‘केली’ जाते हे वाचताना माझ्या त्या सातवी-आठवीतल्या पोरीचा प्रश्न पुन्हा ऐकू येतो. पण ‘जेन एअर’ विष आणि हे औषध, असं देऊ नका. अभ्यासक गायत्री चक्रवर्ती स्पिवाक यांनी १९८५ च्या निबंधात दाखवलं की रीसच्या कादंबरीतही क्रिस्तोफिन ही काळी बाई नवऱ्याला सर्वात स्पष्ट सुनावते आणि मग गोष्टीतून बाहेर निघून जाते. गोऱ्या क्रिओल बाईला आवाज देताना काळ्या बाईचा आवाज पुन्हा दाराबाहेर राहिला. बारावीच्या मुलींना हे झेपतं, अनुभवाने सांगतो.

वर्गात मी करतो ते असं. प्रकरणं २५, २६ आणि २७ सलग, मोठ्याने, न गाळता. वाचण्याआधी काहीच सांगत नाही. ‘आता वाईट भाग येणार’ असंही नाही. वाचून झालं की एकच काम देतो: बर्थाबद्दल आपल्याला कळलेली प्रत्येक गोष्ट वहीत लिहा आणि पुढे ती कुणी सांगितली त्याचं नाव लिहा. पान भरतं आणि बहुतेक ओळींपुढे रॉचेस्टरचं नाव येतं. त्याला त्या क्षणी काय हवं आहे? जेनने माफ करावं, थांबावं. अशा माणसाची साक्ष कितपत धरायची? बर्थाचा स्वतःचा म्हणावा असा एक बोल विसाव्या प्रकरणात सापडतो, ‘तुझ्या काळजातलं रक्त पिईन’ अशा अर्थाचा, आणि तोही तिने चावा घेतलेल्या तिच्या भावाच्या तोंडून. मुली हे शोधून काढतात तेव्हा खोलीत जरा वेळ कुणी बोलत नाही.

एकदा एक मुलगी म्हणाली, ‘सर, आपल्या भुताच्या गोष्टींत पण करणी करणारा नेहमी कामरू देशाचा नाहीतर जंगलातलाच का असतो?’ तो तास मग ‘जेन एअर’चा राहिला नाही.

राहता राहिलं तुमचं संक्षिप्त रूप. पानं कमी करायचीच असतील तर लोवूड शाळेतले प्रसंग आटोपते घ्या, मेजवान्यांची प्रकरणं घ्या, शेवटचा सेंट जॉनचा उपदेशही थोडा छाटा. जमैका, ३०,००० पौंड आणि ‘भुतं सहसा फिकट असतात’ हे वाक्य ठेवा. आणि पुस्तक मिटलेल्या त्या दोघी-तिघींना पहिल्यांदा बोलू द्या. त्यांनी बरोबर पानावर मिटलंय.